खारे वारे आणि १०२४ बाय ७६८

मंगळवारी सकाळी मशीन चालू केलं आणि स्क्रीनवर सगळं भलंमोठं आलं. आयकॉन पोळपाटाएवढे, अक्षरं एसटीच्या पाटीएवढी. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके, १०२४ बाय ७६८, आणि त्याच्या वरचा पर्यायच नाही. मॉनिटरच्या नावाच्या जागी 'अननोन डिस्प्ले'. २०२० साली पुण्याहून बोचकं आवरून गुहागरला आलो तेव्हापासून हा चोवीस इंची मॉनिटर माझ्यासमोर बसलाय. माझ्या मीटिंगा ऐकतोय, माझ्या शिव्या ऐकतोय. आणि मशीन म्हणतंय, हे कोण, ओळखलं नाही.

तेवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन माडीवर आले. चष्मा कपाळावर तसाच. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे वा! आता कसं लख्ख दिसतंय. असंच ठेव."

मी काही बोललो नाही. दहाला स्टँडअप होता, म्हणजे ऑफिसची रोजची छोटी मीटिंग.

चूक माझीच, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. सोमवारी रात्री साडेअकराला मी मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे लिनक्सची, मोठी नवी आवृत्ती चढवली होती. बाहेर आषाढाचा पाऊस, पागोळ्या धो धो, आणि तरी लाईट होती. इकडे लाईट आहे तोवर जे काय मोठं काम असेल ते उरकून घ्यायची सवय लागते. दळण असो, पंपाने टाकी भरणं असो की लिनक्सचं अपडेट असो. तेव्हा सकाळी स्क्रीन बिघडल्यावर संशय कोणावर जाणार? रात्रीच्या पाहुण्यावर.

खरं म्हणजे ह्या दुखण्यावर माझ्याकडे घरगुती औषध होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी एकदा असंच झालं होतं. तेव्हा मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली आणि लॉगिन झालं की ती आपोआप चालेल अशी सोय करून ठेवली. एक्सरँडआर नावाची कमांड असते. तिला सांगायचं की बाबा, मॉनिटर काय बोलतोय ते सोड, मी सांगतो ते आकडे घे. ते आकडे म्हणजे मोडलाइन: पडद्याला किती ठिपके, कोणत्या वेगाने पाठवायचे. सगळीकडे मिळणारी १९२० बाय १०८० ची मोडलाइन १७३ मेगाहर्ट्‌झची असते, ती माझ्या ग्राफिक्स कार्डाने नाकारली. मग १३८.५ ची दिली, ती मुकाट्याने घेतली.

हा फरक कशाचा ते मला तेव्हाच कळलं, आणि ते इतकं मजेशीर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत जायचा. ओळ संपली की त्याला परत डावीकडे यायला वेळ लागे. जोताचा बैल बांधाशी पोचला की वळायला जागा लागते, तशी ही जागा. म्हणून १९२० ठिपक्यांच्या ओळीला २५७६ ठिपक्यांएवढा वेळ दिला जायचा. आता बैल गेला, सपाट पडदा आला, तरी ती वळायची जागा आकड्यांमध्ये तशीच राहिलीय. ती कापून २०८० वर आणली की काम कमी क्लॉकमध्ये, म्हणजे कमी वेगात, भागतं. झोताच्या नळ्या भंगारात जाऊन किती वर्षं झाली, पण बांध सोडायची रीत चालूच आहे.

तर मंगळवारी ती स्क्रिप्ट हाताने चालवली. काही झालं नाही. एररसुद्धा धड नाही.

कारण नव्या आवृत्तीत एक्स-इलेव्हन, म्हणजे लिनक्सचा पडदा सांभाळणारी जुनी व्यवस्था, बंद झालं होतं आणि लॉगिन थेट वेलँड ह्या नव्या व्यवस्थेत होत होतं. एक्स-इलेव्हन १९८७ चं, म्हणजे तो आणि मी एकाच वयाचे. त्याचा स्वभाव जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखा, कोणीही यावं आणि काहीही सांगून जावं. कुठलाही प्रोग्राम उठून पडद्याचं माप बदलू शकतो, दुसऱ्या प्रोग्रामच्या कळा कोणत्या दाबल्या ते ऐकू शकतो. वेलँड २००८ मध्ये सुरू झालं, त्यात हे चालत नाही. तिथे पडद्याचा हिशेब कंपोझिटरकडे, म्हणजे पडद्यावरचं चित्र जुळवणाऱ्या प्रोग्रामकडे, आणि कंपोझिटर विचारणार कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला. कर्नल जे मोड देईल तेवढेच. माझी स्क्रिप्ट दारात उभी राहून ओरडत होती, आत कोणी ऐकायला नव्हतं.

दोन दिवस मी ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे घालवले. त्याचं वर्णन करत नाही, वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी ते केलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही केलं त्यांना देव सुखी ठेवो. ड्रायव्हर काढला, घातला, जुना घातला, जुन्याहून जुना घातला. बुधवारी दुपारी तर १०२४ सुद्धा गेलं आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. त्यापुढे १०२४ हे वैभव वाटलं.

ह्या सगळ्यात ऑफिसचं काम मात्र त्या पोळपाटी अक्षरांतच करावं लागलं, आणि त्यातून एक भलताच फायदा झाला. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. पासबुक, पावत्या, सगळं मराठीत. एका शाखेची तक्रार कित्येक दिवस पडून होती की कुऱ्हाडे आडनावाचे खातेदार शोधले तर अर्धेच सापडतात. माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरांत यादी बघितली की सगळे कुऱ्हाडे सारखे दिसायचे. मोठ्या अक्षरांत बघितल्यावर काही नावांत तो आडवा, मिशीसारखा र दिसला आणि काहींत 'ह' च्या डोक्यावर रफार जाऊन बसलेला. मग आतले कोड काढून बघितले. रफारवाल्यांत साधा र, हलन्त आणि ह. जे दिसायला बरोबर होते त्यांतही दोन जाती निघाल्या. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. म्हणजे एकाच आडनावाची माणसं तीन घरांत राहत होती आणि शोधणारा एकाच घराचं दार वाजवत होता. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे ज्यांनी आमची मूळ लायब्ररी लिहिली त्यांच्या गावीही हे नसणार. दऱ्या आणि दर्या ह्यांतला फरक समुद्राशेजारी राहणाऱ्याला तरी कळायला हवा होता, मला वर्षभर कळला नाही.

असो. स्क्रीन.

गुरुवारी दुपारी लाईट दोन मिनिटं गेली आणि आली. इन्व्हर्टरवर मी फक्त राउटर आणि दिवा ठेवतो, कारण माझ्या जुन्या इन्व्हर्टरवर ह्या मशीनचा पॉवर सप्लाय कुरकुरतो. त्यामुळे मशीन बंद पडलं, परत चालू केलं, आणि स्क्रीन १९२० बाय १०८० मध्ये आली. मॉनिटरचं नाव पूर्ण, मॉडेल नंबरासकट. मी काहीही केलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला उलट संताप. आपोआप गेलेला बग म्हणजे न सांगता निघून गेलेला पाहुणा, परत कधी येईल नेम नाही. शुक्रवारी सकाळी आलाच.

तेव्हा कुठे मी ड्रायव्हर सोडून मूळ प्रश्नाकडे गेलो: मॉनिटर आपली ओळख देतो तरी कशी? त्याच्या पोटात एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात १२८ बाइटचा एक तुकडा. ईडीआयडी म्हणतात त्याला, १९९४ पासूनची पद्धत. बनवणाऱ्याचं तीन अक्षरी नाव, कुठल्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनला, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, कुठले मोड चालतात, सगळं त्यात. वर्ष १९९० पासून मोजतात. शेवटचा एक बाइट ताळ्यासाठी: सगळ्या १२८ ची बेरीज केली की तिला २५६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. न गेल्यास कर्नल ते पत्रक टाकून देतं आणि स्वतःच्या जबाबदारीवर १०२४ बाय ७६८ च्या पुढे जात नाही. मला हे वागणं आवडलं. ताळा जुळत नसेल तर अंदाजाने आकडे भरू नयेत, हे आमच्या शाळेतल्या गुरुजींचंही मत होतं.

लिनक्समध्ये हे पत्रक एका फाइलीसारखं वाचता येतं. सकाळी आठला वाचलं, शून्य बाइट. नऊला रिबूट करून वाचलं, शून्य. दहाला काहीतरी आलं, पण लॉगमध्ये ताळा चुकल्याची ओरड. बारा वाजता, केबलला हात न लावता नुसतं रिबूट करून, २५६ बाइट. माझ्या मॉनिटरच्या चिपमध्ये असे १२८ बाइटचे दोन तुकडे आहेत, तेव्हा बरोबर. शनिवारी परत तेच. सकाळी मुका, दुपारी बोलका. सॉफ्टवेअर घड्याळ बघून बिघडत नाही. निदान मी लिहिलेलं तरी नाही.

आणि शनिवारीच जेवायला खाली गेलो तर आई मिठाच्या बरणीशी भांडत होती. "पाणी सुटलंय बघ ह्याला. सकाळी नुसतं चिखल असतं, चुलीजवळ ठेवलं की दुपारपर्यंत जरा सुटं होतं."

मी घास हातात धरून तसाच बसलो.

शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. खारे वारे हे नाव किती शब्दशः खरं आहे ते मला प्रोग्रामर झाल्यावर कळलं. आमचं घर गुहागरच्या वरच्या पाटात, समुद्रापासून तीनेकशे पावलं. मध्ये पोफळी-नारळाची वाडी आहे, पण वारा काय पोफळी मोजत येत नाही. लाट फुटते, तिचे तुषार उडतात, पाणी वाटेत सुकतं आणि मिठाचे बारीक कण घरात येतात. खिडकीच्या गजांवर बोट फिरवून जिभेला लावलं तर कळतं. हे मीठ कोरडं असेपर्यंत फारसं कोणाच्या वाटेला जात नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळ्यात आमच्याकडे ७५ च्या खाली असतं कधी? बरणीत जे होतं तेच मशीनच्या मागे, पिनांच्या मध्ये होत होतं. रात्रभर मशीन बंद, थंड. सकाळी पिनांवर मिठाच्या पाण्याचा थर. तीन-चार तास चाललं की कार्ड तापणार, थर सुकणार, मॉनिटरला वाचा फुटणार.

जेवण तसंच उरकून वर गेलो, केबल काढली, मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात बघितलं. एचडीएमआयच्या तोंडात १९ पिना असतात, दोन ओळींत. चित्र वाहून नेणाऱ्या बहुतेक पिना बऱ्या दिसत होत्या. खालच्या ओळीच्या एका टोकाशी मात्र हिरवट पूड. १८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट कायम असतात, मॉनिटरच्या त्या ओळखपत्राच्या चिपला जागं ठेवायला. तिला लागूनच १६ नंबरची, जिच्यावरून ती ओळख बाइट-बाइट करून येते. वीज, मीठ आणि पाणी, तिन्ही एका जागी. चित्र उत्तम येत होतं, नाव तेवढं येत नव्हतं, ते ह्यामुळे.

आई मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही. तिने चष्मा लावून केबलचं टोक डोळ्यांजवळ धरलं. "कळकलंय हे," म्हणाली. "खारानं खाल्लंन. कल्हई गेलेली दिसत्ये."

ह्याहून नेमकं निदान मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळालं नसतं. पिना तांब्याच्या जातीच्या, त्यावर निकेल, त्यावर सोन्याचा नावापुरता मुलामा. पितळेच्या पातेल्याला कल्हई असते तशी. स्वस्त केबलमध्ये हा मुलामा इतका पातळ असतो की पाच-पन्नास वेळा काढली-घातली की खरवडून जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं. पुढे ताक असो की समुद्राची हवा, कळकायचं ते कळकणारच.

आणि मग ते जास्त लागलं: दोन पावसाळे हे असंच चालू होतं. रोज सकाळी मॉनिटर मुका उठत होता आणि रोज सकाळी माझी स्क्रिप्ट त्याच्या वतीने बोलत होती, मला न सांगता. गळक्या कौलावर झाप टाकून ठेवावं आणि खाली वासा कुजत राहावा, तसं. नव्या आवृत्तीने काहीही मोडलं नव्हतं. तिने झाप उचलून नेलं, इतकंच. दोन दिवस ज्या ड्रायव्हरला मी वाट्टेल ते बोललो त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

रविवारी चिपळूणला गेलो. तिथले कॉम्प्युटरवाले ओळखीचे आहेत, रविवारीही अर्धं शटर वर असतं. जवळच्या शृंगारतळीला मिळालं असतं काम करून, पण ह्यांचा हात वेगळा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ह्यांचं दुकान बुडालं होतं. नंतर कित्येक दिवस ते आणि त्यांचा मुलगा गाळाने भरलेले मदरबोर्ड नळाखाली धूत बसले होते. लोकांना वाटलं डोकं फिरलंय. त्यातले बरेच उठले.

माझं कार्ड त्यांनी नाकाजवळ नेऊन हुंगलं. "वरच्या पाटातलं ना? वास येतो. पुराचं गोडं पाणी परवडलं हो, धुतलं की गेलं. ही तुमची हवा धुता येत नाही." मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश, भिंगाखाली वीस मिनिटं. कार्डाला दुसरंही एचडीएमआयचं तोंड आहे, त्यावर कंपनीने दिलेलं रबरी टोपण मी आळसाने कधी काढलंच नव्हतं. आतून नवंकोरं. आळसाचा एवढा मोबदला मला आजवर मिळालेला नाही. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायला मी गेलो तर त्यांनी हातावर मारल्यासारखं केलं. खोडरबराने कल्हईच जाते, म्हणाले, अल्कोहोल वापरा. मी पंधरा वर्षं खोडरबर फिरवतोय. पॉवर सप्लाय उघडल्यावर एक वाळलेली पाल निघाली, तिच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. केबल नवी घेतली, आणि तशीच अजून एक जास्तीची.

सोमवारी सकाळी आठला २५६ बाइट. ताळा बरोबर. मंगळवारीही. ती चार ओळींची स्क्रिप्ट काढून टाकली. पडद्याच्या आकाराबद्दल मशीनशी खोटं बोलणारं आता घरात कोणी नाही.

म्हणजे, जवळजवळ कोणी नाही. बाबा मंगळवारी संध्याकाळी हवामान बघायला वर आले आणि स्क्रीनकडे बघून त्यांचा चेहराच पडला. "हे काय, परत मुंग्या केल्यास? गेल्या आठवड्यात किती छान होतं." मी त्यांना आधी १५० टक्के स्केल करून दिलं. नवे प्रोग्राम नीट मोठे झाले, पण त्यांचा तो जुना पंचांगाचा प्रोग्राम धुक्यातून बघितल्यासारखा दिसायला लागला, कारण तो एक्स-इलेव्हनच्या काळातला, त्याचं चित्र आधी लहान काढून मग ताणतात. शेवटी त्यांचं वेगळं लॉगिन काढलं आणि त्यात रिझोल्यूशन ठेवलं १०२४ बाय ७६८. एवढं करायला मला अर्धं मिनिट लागलं. तेच सोडवायला सहा दिवस गेले होते.

राहिली जास्तीची केबल. ती मी टेबलाच्या खणात टाकत होतो, आईने हातातून घेतली. खाली माळ्यावरून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेला पत्र्याचा डबा काढला, घट्ट झाकणाचा, पोह्याच्या पापडांचा. त्यात एका बाजूला केबल गुंडाळून ठेवली. "गोपाळकाल्यापर्यंत पापड मऊ पडत नाहीत ह्यात, तर तुझी ही वायर काय पडत्ये!"

काल एकदा बघायला म्हणून काढली. पिना लख्ख आहेत. हिंगाचा वास येतोय.